सहा झाडांपुरती माती

हेफोर्कच्या वरच्या अंगाला, शेडच्या पुढ्यात
आर्डिथ ताडपत्री अंथरते.
चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवते, पाचवा उगाच.
एप्रिल सरत आला तरी समोरच्या कड्यावर बर्फाची एक पट्टी,
दोरीवर विसरलेल्या टॉवेलासारखी.

आधी जुनी माती.
गेल्या साली झाडं उभी होती त्या पिशव्यांतली,
पांढऱ्या मुळांच्या जाळ्यासकट.
ती फेकायची नसते.
हॉलिस म्हणायचा, माती जुनी होते तशी शहाणी होते,
माणसाचं एवढ्या खात्रीनं सांगता येत नाही.

बाकी सगळं शेडच्या आतल्या फळीवर लिहिलंय,
सुताराच्या जाड पेन्सिलीनं, त्याच्या तिरक्या अक्षरात:
गांडूळखत, चार घमेली.
लसूणघासाचं पीठ.
समुद्रशेवाळ मूठभर, जास्त नाही, खाली दोन रेघा.
युरेकाच्या धक्क्यावरून आणलेला खेकड्याच्या कवचांचा चुरा,
ज्याच्या वासानं कुठकुठली मांजरं जमतात.
हवा खेळावी म्हणून ज्वालामुखीचा दगड,
बादलीत टाकला तर तरंगतो
आणि आर्डिथला दर वर्षी त्याची गंमत वाटते.
सगळ्यात खाली, कॅलेंडरच्या कडेला लागून: दूध.

किती, ते नाही.

तो गेला त्याला चार वर्षं झाली.
चार वर्षं तिनं दूध घातलं,
पहिल्यांदा एक कप, भीत भीत,
मग अख्खा गॅलन.
झाडं कुंपणाच्या वर गेली.

पूर्वी हीच माती पाठीवरून न्यावी लागे,
रात्री, बॅटरीला लाल कागद लावून,
मॅड्रोनच्या झाडोऱ्यात, जिथं वरून काही दिसणार नाही.
ऑगस्टात हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची
आणि हॉलिस टोमॅटोंना पाणी देत उभा राहायचा,
जन्मभर टोमॅटोच लावलेल्या माणसाचं तोंड करून.
आता कायदा आहे, परवाने आहेत, फॉर्म आहेत,
भाव तेवढा नाही.
ज्यांनी शेकड्यांनी लावली त्यांची हरितगृहं
दरीभर फडफडतात, फाटक्या प्लास्टिकची.
आर्डिथ सहाच लावते.
तिच्या बोटांच्या सांध्यांना लागतं तेवढं तेल,
थोडं माई येरच्या नवऱ्याच्या पाठीसाठी.

माई येर कोंबडीखत घेऊन येते, वर्षभर मुरवलेलं.
दोघी फावड्यांनी ढीग इकडून तिकडे करतात,
तिकडून इकडे. तीन वेळा.
बोलणं फार नाही.
माई येर मूठ भरून दाबते, गोळा होतो;
अंगठ्यानं टोचते, फुटतो.
मराठीत ह्याला वाफसा म्हणतात.
आर्डिथ नुसतं "हं" म्हणते, आणि तेवढ्यानं भागतं.

मग वारा दार आपटतो
आणि पेंडीच्या दुकानाचं ते जुनं कॅलेंडर खिळ्यासकट खाली येतं.
त्याच्यामागे, दुधाच्या खाली, त्याच पेन्सिलीनं:
ब्रेड.
चौकोनी बॅटरी.
आर्डिथला खोकल्याचं औषध.

दोघी वाचतात.
माई येर पुन्हा वाचते, बोट लावून.
आर्डिथ फळीला टेकून इतकी हसते
की माई येरला वाटतं, हिला धाप लागली.
चार वर्षं! बाजाराची यादी!
कुठल्या हिवाळ्यातला खोकला, तिला आठवत नाही.
औषध आलं होतं की नाही, तेही.

संध्याकाळी ती ढिगावर पाणी शिंपडते.
आता महिनाभर आत ऊब धरेल,
कोपरापर्यंत हात घातला तर कळेल,
झोपलेल्या कुत्र्याच्या पोटाएवढी.
ताडपत्री ओढायच्या आधी घरात जाते, फ्रिज उघडते,
गॅलन उचलून वजनाचा अंदाज घेते.
उद्या कॉफीला कमी पडेल.

पडू दे.